अन्य हस्ताक्षर

गेले पाच-सहा महिने दोन शब्द डोक्यातून जात नाहीयेत, ‘अन्य हस्ताक्षर’. दिवाळी झाल्यावर मावशीकडे गेले होते, दापोलीच्या पुढे, अगदी किनाऱ्याला लागून असलेल्या गावात. मावशीचे सासरे म्हणजे मोठे कादंबरीकार, नाव लिहीत नाही कारण घरच्यांनी नको म्हटलंय, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा वाचलेला असेल. त्या दिवशी मुंबईहून लिलाव करणाऱ्या कंपनीची एक मुलगी यायची होती, कागदपत्रं बघायला, आणि मावशीने मला फोन करून बोलावून घेतलं होतं, “अगो तू ये, तुला मामंजींचं अक्षर लागतं, मला आता दिसत नाही आणि तुझ्या दादाला ते वाचायला जमत नाही.” मुलगी आली, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, चपला पायरीखाली काढल्या आणि पहिलं काय केलं तर विहिरीवर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पंच्याने कोरडे केले आणि पाच मिनिटं ओटीवरच्या झोपाळ्यावर नुसती बसून राहिली, हात पूर्ण सुकेपर्यंत. मला वाटलेलं पांढरे हातमोजे घालेल, टीव्हीवर दाखवतात तसे. तर म्हणाली, “नाही मॅडम, कापडी मोज्यातून कागदाचा अंदाज येत नाही, पान फाटतं. स्वच्छ कोरडे हातच बरे.” तिथेच मला ती आवडली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तिचा काहीच दोष नाही.

माजघरात सतरंजी घातली, वर पांढरी चादर, आणि दादाने, म्हणजे मावशीच्या मुलाने, माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. झाकण उघडलं तसा तो वास आला, वेखंड, कापूर, थोडी ओल आणि त्याच्या खाली जुन्या कागदाचा म्हणून जो एक गोडसर वास असतो तो. लहानपणी मे महिन्यात मी इथे राहायला यायचे तेव्हा दुपारी आजी, म्हणजे मावशीच्या सासूबाई, ट्रंक उघडून वेखंडाचे तुकडे बदलायची, मी शेजारी बसायचे, हात लावायचा नाही असा दंडक होता. आत लाल मांजरपाटाचे रुमाल, प्रत्येक रुमालाला वर्षाची चिठ्ठी टाचलेली. आजोबांची नोकरी मुंबईला, गिरगावात एक खोली, आणि आजी इथे, आगर, गुरं, सासू-सासरे, चार मुलं. वर्षातून दोनदा भेट, गणपतीला आणि मे महिन्यात. बाकी सगळा संसार पत्रांवर. त्यांची पत्रं इथे यायची, आजीची पत्रं गिरगावात जायची, आणि विशेष म्हणजे आजोबांनी आजीचं एकूण एक पत्र जपलं होतं आणि रिटायर होऊन आले तेव्हा ती सगळी पत्रं बरोबर घेऊन आले. मग एका पावसाळ्यात, मावशी सांगते, पंधरा-वीस दिवस ओटीवर बसून त्यांनी दोघांची पत्रं तारखेप्रमाणे लावली. एक त्यांचं, एक तिचं, त्याखाली परत त्यांचं. तशीच रुमालात बांधली. म्हणजे रुमाल सोडून वरून वाचत गेलं की प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर, असं दोघांचं बोलणं ऐकू यायचं.

मुलीने पहिला रुमाल सोडला, प्रत्येक पत्र हळूच उचलून बघितलं आणि दोन गठ्ठे करायला लागली. उजवीकडे आजोबांची, डावीकडे आजीची. ती मन लावून काम करत होती, पत्राची तारीख, पानं, शाई, कुठे फाटलंय, सगळं लॅपटॉपवर टिपत होती. उजव्या गठ्ठ्याच्या प्रत्येक पत्राची नोंद होत होती. डाव्या गठ्ठ्याची होत नव्हती. दुपारपर्यंत अकरा रुमाल सुटले. मी बघत होते आणि मला काहीतरी टोचत होतं पण काय ते तेव्हा नीट कळलं नाही, वाटलं उकाड्याने होतंय.

मग निघाली ती पानं.

त्याचं असं आहे की आजोबा कच्चा खर्डा ठेवायचे नाहीत. अक्षर त्यांचं गिचमिड, खाडाखोड खूप, म्हणून प्रेसला पाठवायची प्रत आजी करायची, सुवाच्य, रेघा मारलेल्या कागदावर, रात्री कंदिलाच्या उजेडात. पुस्तक छापून आलं की खर्डा न्हाणीघरात, बंबात. पाणी तापायचं त्याच्यावर. मावशी लग्न होऊन आली तेव्हा तिनेसुद्धा स्वतःच्या हाताने दोन कादंबऱ्या बंबात घातल्यात, आता सांगताना तिचा आवाज बारीक होतो. पण खर्ड्याची पाठकोरी पानं आजी आधी वेगळी काढायची, कागद वाया घालवणं तिला पटायचं नाही, आणि त्याच्या मागे ती धोब्याचा, दुधाचा, सुपारीच्या मजुरीचा हिशेब लिहायची, मसाल्याचं प्रमाण लिहायची. ही पानं स्वयंपाकघरातल्या फडताळात, मिठाच्या बरणीमागे राहिली. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीची अकरा पानं अशी वाचली आहेत. दुसरं कुठलंही हस्तलिखित त्यांच्या हातचं आज शिल्लक नाही. मुलीने ती पानं बघितली आणि तिचा चेहरा उजळला, खरंच उजळला, कारण पहिल्या प्रकरणातला नायक बोटीतून उतरतो तो परिच्छेद तिथे तीन वेगळ्या प्रकारे लिहून खोडलेला होता. तिने पान उलटलं. मागे धने, तीळ, सुकं खोबरं. “हे कुणाचं?” मी म्हणलं, आजीचं. तिने लॅपटॉपवर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. ‘मागील बाजूस अन्य हस्ताक्षरात घरगुती हिशेब.’

बरोबरच होतं. चूक काहीच नव्हती. मी मान हलवली.

आणि प्रेसची प्रत? ती एक पूर्ण सापडली होती, चारशे पानांची, एका कादंबरीची, प्रेसवाल्यांनी परत पाठवलेली, कडेला खिळे जुळवणाऱ्याच्या बोटांचे शाईचे ठसे असलेली. मुलीने ती खूप आदराने चाळली आणि म्हणाली, “मॅडम, खूप सुंदर आहे, पण हे लेखकाच्या हातचं नाही, याला एस्टिमेट, म्हणजे अंदाजे किंमत, लावता येणार नाही.” चारशे पानं. कंदिलाच्या उजेडात. चार मुलं झोपल्यावर.

त्या रात्री झोप आली नाही. समुद्राची गाज येत होती, मावशी शेजारी घोरत होती, आणि मी फोनवर एकेक वाचत बसले. टॉलस्टॉयच्या बायकोबद्दल वाचलं, ती त्याच्या कादंबऱ्या रात्री बसून परत परत उतरवून काढायची, आणि पुढे तिनेच त्याची हस्तलिखितं मॉस्कोच्या म्युझियममध्ये नेऊन ठेवली म्हणून ती राहिली. डिकन्सने 1860 साली घरामागे शेकोटी करून आयुष्यभराची आलेली पत्रं जाळली आणि त्याच्या पोरांनी त्या राखेत कांदे भाजले म्हणे, हे वाचताना मला सारखा आमचा बंब दिसत होता. जेन ऑस्टिनच्या बहिणीने तिची बहुतेक पत्रं जाळून टाकली, आज दीडशेच्या थोडी वर आहेत फक्त. लोक त्या बहिणीवर चिडतात. मला नाही चिडता येत, बहिणीला लिहिलेलं बहिणीचंच असतं. पण याच ऑस्टिनच्या एका अर्धवट कादंबरीच्या हस्तलिखिताचं वाचलं ते जास्त लागलं. 1915 साली घरातल्या कुणीतरी युद्धाच्या मदतीसाठी, रेड क्रॉससाठी, त्याची सुरुवातीची सहा पत्रकं काढून विकली. हेतू किती चांगला! ती आज न्यूयॉर्कच्या लायब्ररीत आहेत. उरलेलं 2011 साली लंडनच्या लिलावात जवळपास 10 लाख पौंडांना गेलं आणि ऑक्सफर्डला आलं. म्हणजे गोष्टीची सुरुवात अटलांटिकच्या त्या बाजूला आणि पुढचं या बाजूला, कायमचं. आणि त्यांच्याकडेच 2021 मध्ये उलटं पण झालं. ब्राँटे बहिणी, ऑस्टिन, स्कॉट यांची पत्रं-हस्तलिखितं असलेला एक खाजगी संग्रह लिलावात फुटणार होता, तर तिथल्या लायब्ऱ्या आणि म्युझियम एकत्र आली, लिलाव थांबवायला लावला आणि दीड कोटी पौंड उभे करून सगळाच्या सगळा विकत घेतला, नंतर त्या त्या लेखकाच्या गावाला, घराला वाटून दिला. ते वाचून मी उठून बसले. आपल्याकडे असं कोण करेल, हा विचार आला, आणि मग लगेच दादाचा चेहरा समोर आला.

कारण दादाला कुणी लोभी म्हणू नये म्हणून हे लिहिणं भाग आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या घराची अर्धी कौलं आगरात जाऊन पडली. सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली, नारळ मुळासकट आडवे. सुपारी परत लावून उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं जातात, मधली वर्षं माणसाने खायचं काय. त्या दिवशी पाऊस सरळ माळ्यावर पडत होता आणि दादा आणि वहिनी ट्रंक खाली घेऊन, वर ताडपत्री टाकून, त्या ताडपत्रीवर स्वतः बसले होते रात्रभर. तरी तळातले दोन रुमाल भिजलेच. ती पत्रं आठवडाभर माजघरात दोरीवर चिमट्याने लावून वाळवली, वीज नव्हती महिनाभर, पंखा कुठला. शाई पसरलेली ती पत्रं बघितली की अजून पोटात कालवतं. इतकं केलं त्या माणसाने. आणि तेव्हापासून पाच वर्षं तात्पुरत्या पत्र्याखाली राहत होता. जून 2025 मध्ये मुंबईत रवींद्रनाथांच्या 35 पत्रांना जवळपास सहा कोटी आले ही बातमी त्याने वाचली, आणि एवढे नाही तरी कौलं तरी निघतील असं त्याला वाटलं असेल तर त्याला मी कुठल्या तोंडाने नको म्हणू.

संस्थेला का दिलं नाही, असं मला दोन-तीन जणांनी विचारलं. दिलं होतं. मावशीचे यजमान होते तेव्हा, त्यांनी एक ट्रंक, आजोबांना आलेली सप्रेम भेट पुस्तकं, दुसऱ्या लेखकांच्या सह्यांची, एका संस्थेला दिली होती, नाव नको. पोचसुद्धा मिळाली नाही. पुढे चार वर्षांनी काका सहज बघायला गेले तर ट्रंक जिन्याखाली, वर झाडू आणि बादली, आणि आत वाळवी. काका परत आले आणि जेवले नाहीत. आणि जिथे माणसं खरंच जीव लावतात तिथेही आपल्याकडे पाणी सोडत नाही. चिपळूणचं वाचन मंदिर 1864 सालचं, जुलै 2021 च्या पुरात तिथे पाणी शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला, लोक चिखलातून एकेक पुस्तक काढून धूत होते. रत्नागिरीचं आमचं वाचनालय तर 1828 सालचं, त्या दारातून आत जाताना मला अजून देवळात गेल्यासारखं वाटतं. अशा जागा चालवणारी माणसं वर्गणीवर आणि पदरमोडीवर चालवतात. कोंकणातली हवाच कागदाची वैरी आहे, चार महिने पाऊस, खारा वारा, वाळवी, कसर. एसी कपाटात ठेवणारा कुणी श्रीमंत माणूस ती पत्रं घेत असेल तर कागद जगेल, हे मला कळतं. फक्त तो ते पत्र कुणाला उत्तर होतं हे कसं ओळखणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला हेच विचारलं, दोघांची पत्रं एकत्र, एकच लॉट, म्हणजे एकत्रच विकायचा गठ्ठा, म्हणून नाही का लावता येणार? तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली वरिष्ठांना विचारते, आणि तिथेच ओटीवर बसून फोन लावला. उत्तर आलं की पत्रांचे लहान लहान लॉट केले की जास्त जण बोली लावतात, आणि मोठा एकच लॉट लावला आणि रिझर्व प्राइसपर्यंत, म्हणजे आधी ठरवलेल्या कमीत कमी किमतीपर्यंत, बोली गेली नाही तर सगळंच परत येतं. दादा खांबाला टेकून उभा होता, काही बोलला नाही. मुलीनेच मग काही गोष्टी समजावून सांगितल्या ज्या आम्हाला कुणालाच माहीत नव्हत्या. पत्राचा कागद विकला तरी मजकुराचा हक्क विकला जात नाही, लेखक गेल्यावर तो वारसांचा, आणि हयातीत न छापलेल्या पत्रांवर तो पहिल्यांदा छापल्यापासून 60 वर्षं राहतो, त्यामुळे घेणाऱ्याला ती पत्रं आमच्या परवानगीशिवाय छापता येणार नाहीत. हस्तलिखित पुढे परत 10 हजारांच्या वर विकलं गेलं तर वारसांना त्यात हिस्सा मागता येतो, कायद्यात 10 टक्क्यांपर्यंतची तरतूद आहे. आणि 75 वर्षांवरची हस्तलिखितं 1972 च्या कायद्याने देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शेवटचं ऐकून मावशी म्हणाली, “म्हणजे इथेच असतील ना गो, मुंबई-पुण्याला?” तिला तेवढ्याने बरं वाटलं. मग मी आणि मुलीने मिळून दोन दिवस प्रत्येक पत्राचे फोटो काढले, तिने शिकवलं कसा काढायचा, उन्हात नाही, दाराच्या उजेडात, बाजूला फूटपट्टी ठेवून, आणि तिने स्वतःहून आजीच्या पत्रांचेही काढले. निघताना आजोबांच्या एका पुस्तकाची पहिली प्रत तिने परत एकदा उघडून बघितली. घरच्या माणसाला दिलेल्या प्रतीला या धंद्यात वेगळा मान असतो म्हणे. आत पहिल्या पानावर तारीख, सही आणि एकच शब्द होता, ‘घरी’. बायकोचं नाव त्या काळात कोण लिहिणार. मुलगी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत होती. दादाने ती प्रत तिच्या हातातून घेतली आणि म्हणाला ही नको, ही राहू दे.

मला या सगळ्यात इतकं लागायचं एक कारण माझं स्वतःचं आहे. माझे वडीलही चाकरमानी. ते पत्रं लिहायचे नाहीत, मनीऑर्डर करायचे, आणि मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी एक बारीक चिठ्ठी असायची, पोस्टमन पैसे मोजून झाले की ती फाडून हातात द्यायचा. त्यात मावेल तेवढंच वडील लिहायचे. ‘खुशाल. बाळीला खोकला कसा. छत्री दुरुस्त करणे.’ आई त्या चिठ्ठ्या देवघराच्या बाजूला तारेला टोचून ठेवायची, वीस वर्षांच्या चिठ्ठ्या, तार वाकली होती. आई गेल्यावर घर आवरताना ती तार मी काढली, धुळीने माखलेली, झुरळांनी खाल्लेली, मला तेराव्याची गडबड होती, आणि मी ती तशीच परसात पालापाचोळ्यात टाकून काडी लावली. वडील कुणी मोठे नव्हते. लिलावात त्याला कुणी विचारलं नसतं. पण ‘छत्री दुरुस्त करणे’ म्हणजे काय हे जगात फक्त मला कळत होतं, त्या जूनमध्ये मी भिजून शाळेत जायचे हे आईने कुठल्यातरी पत्रात त्यांना कळवलं असणार, आणि ते पत्र मी कधी बघितलंच नाही.

लिलाव एप्रिलमध्ये झाला, ऑनलाइन. दादाने वहिनीच्या फोनवर लावला होता, मी इकडे रत्नागिरीत माझ्या फोनवर बघत होते. आकडे सरकत होते, बोली लावणाऱ्याचं नाव नाही, नुसता नंबर. लॉट आला, गेला, लॉट आला, गेला. 1943 ची पत्रं एका नंबराला, 1944 ची दुसऱ्याला, 1947 मधली तीन पत्रं कुणीच घेतली नाहीत. अकरा पानं सगळ्यात जास्तीला गेली. किती ते लिहीत नाही. कौलं, वासे आणि मावशीच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं त्यात बसली आणि थोडे उरले. दादाचा रात्री फोन आला, बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “झालं गं.” एवढंच.

आजीची पत्रं आता माझ्याकडे आहेत. दादानेच दिली, त्याच लाल रुमालांत. रोज रात्री एक रुमाल सोडते, तिचं पत्र हातात घेते आणि त्यांच्या पत्राचा फोटो फोनवर लावते आणि तारखेप्रमाणे वहीत उतरवून काढते, एक त्यांचं, एक तिचं. वेळ लागतो. ती लिहिते, ‘बोटीच्या प्रकरणात बाईला एवढी रडवू नये असे वाटते, आपल्याकडच्या बायका लोकांसमोर रडत नाहीत.’ फोनवर त्यांचं उत्तर, ‘तुझे खरे आहे, बदलतो.’ हे उत्तर असलेला कागद आज कुणाच्या तरी कपाटात आहे, आणि काय खरं आहे ते माझ्या टेबलावर आहे.

मागच्या आठवड्यात मावशीकडे गेले. डोळे झालेत तिचे, काळा चष्मा निघालाय, सारखी कुठे कुठे बघत असते. अंगणात आमसुलं वाळत घातली होती, सगळं अंगण जांभळं-काळं. मी तिला फोनवर लिलावाचा कॅटलॉग दाखवला, अकरा पानांचा लॉट, आणि ते वाक्यही वाचून दाखवलं, मागील बाजूस अन्य हस्ताक्षरात घरगुती हिशेब. तिने फोन हातात घेतला. मोठं कसं करायचं ते शिकवलं, दोन बोटांनी. तिने मसाल्याचं पान मोठं केलं आणि बोट खाली खाली नेत राहिली, धने 1 शेर, सुकं खोबरं अर्धा शेर, तीळ पाव शेर, मग थांबली.

“या खालच्या दोन ओळी माझ्या गो.”

मी बघितलं. दगडफूल 2 तोळे, नागकेशर 1 तोळा. खरंच अक्षर वेगळं होतं, गोल, शाळकरी, मी आणि त्या मुलीने दोन दिवस ते पान हाताळलं आणि आम्हाला कुणाला दिसलं नाही. मावशी सांगायला लागली, लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते, सासूबाईंचे हात खोबरं भाजून तेलकट झालेले, म्हणाल्या पुढचं तू लिही. हिने लिहिलं. मामंजी पाणी प्यायला आत आले, पाठीमागून वाकून बघितलं, आणि हसून खिशातलं पेन काढलं.

“नागकेसर लिहिलं होतं मी. स. तो श त्यांनी केलेला आहे, बघ, शाई वेगळी आहे.”

मी पान अजून मोठं केलं. फोटो फुटायला लागला होता तरी दिसत होतं, बाकी अक्षरं फिकी तपकिरी, आणि त्यात एकच श निळा-काळा, तिरपा, पहिल्या पानावर नायक बोटीतून उतरतो तिथे आहे तसाच. कॅटलॉगमध्ये ते नाही. ज्या नंबराने ते घेतलंय त्यालाही माहीत नसणार. मी म्हणलं, मावशी, त्या मुलीला कळवू का? तिने थोडा विचार केला, मग फोन माझ्याकडे दिला आणि ढग आले म्हणून आमसुलं आत घ्यायला उठली. “कळव,” सुपात आमसुलं भरता भरता म्हणाली, “पण हळकुंडं लिहायची राहिली होती तेही कळव. चार हळकुंडं.”